मटणाच्या जेवणातून विषबाधा : तक्रार आणि भरपाईचे अर्ज कुठं अडकतात

कंदुरीला, म्हणजे नवसाच्या मटणाच्या जेवणाला, मोठ्या पातेल्यात मटण शिजतं, उरलेला रस्सा रात्रभर तसाच झाकून राहतो आणि सकाळी कोमट करून वाढला जातो. एवढा रस्सा निवायला फार वेळ लागतो. त्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारखे जंतू वाढतात आणि साधारण 6 ते 24 तासांत पोटात कळा, जुलाब सुरू होतात. मग घरातलं कुणीतरी घाबरून रस्सा उकिरड्यावर ओततं आणि पातेलं घासून पालथं घालतं. कृपा करून हे करू नका. तपासायचा असतो तो नेमका तोच रस्सा.

पावशेर रस्सा आणि फोडी उकळत्या पाण्यानं धुतलेल्या डब्यात भरून बर्फावर ठेवा. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. आरोग्य पथक आलं, तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी शौचाचा नमुना द्या. नंतर दिलेल्या नमुन्यात जंतू सापडतीलच असं नाही.

डबा घेऊन स्वतः प्रयोगशाळेत पळू नका. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेल्या नमुन्यावरच पुढची कारवाई उभी राहते. ग्राहकालाही शुल्क भरून तपासणी करून घेता येते (अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006, कलम 40), पण तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. आठवडी बाजारात मटण घेताना असं कोण सांगणार? नियम करणाऱ्यांनी एकदा तरी त्या रांगेत उभं राहायला हवं होतं. नमुना मिळाल्यापासून 14 दिवसांत प्रयोगशाळेतल्या अन्न विश्लेषकानं अहवाल द्यायचा असतो. तो आला का, हे तक्रारीचा क्रमांक दाखवून विचारत राहा.

कागदांत सगळ्यात जास्त घात करतो तो केस पेपर. एका घरातल्या पाच जणांचे केस पेपर माझ्यासमोर आले, पाचही जणांना सलाइन लावलेलं, आणि पाचही कागदांवर फक्त ‘जुलाब, उलट्या’. काय खाल्लं, कधी खाल्लं, एक शब्द नाही. डॉक्टरांना तिथंच विनंती करा की ‘अन्नातून विषबाधेची शक्यता’ आणि जेवणाची वेळ लिहा. घरी गेल्यावर ते कुणी बदलून देत नाही.

दुसरा कागद पावतीचा. खाटीक पावती देत नाही, आचारी तर नाहीच नाही. फोनवरून पैसे दिले असतील तर त्याची नोंद जोडा. रोखीनं दिले असतील तर सोबत खरेदीला गेलेल्याचं लेखी निवेदन, दुकानाची जागा आणि तारीख द्या. आधार, औषधांची बिलं, डिस्चार्ज कार्ड हे नेहमीचंच.

भरपाई याच अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 65 खाली मिळते : मृत्यू झाल्यास किमान 5 लाख, गंभीर इजेला 3 लाखांपर्यंत, इतर इजेला 1 लाखापर्यंत. ती देण्याचा आदेश न्यायनिर्णय अधिकारी किंवा न्यायालय देतं. अन्न व औषध प्रशासनाचं मराठवाड्याचं विभागीय कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, पण सुरुवात आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयातूनच करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

कायद्यातले ‘सहा महिने’ वाचून माणसं निवांत बसतात. ती अर्ज करायची मुदत नाही. घटनेपासून सहा महिन्यांच्या आत भरपाई हातात पडायला हवी, असा त्याचा अर्थ आहे. मृत्यू झाला असेल तर जवळच्या नातेवाइकाला 30 दिवसांत अंतरिम मदतीची तरतूद आहे. दहावं-तेरावं उरकून मग बघू म्हटलं, तर निम्मी मुदत त्यातच जाते.