स्क्रीन बोलते, पण पगार कोण देतं?

अंध माणसाला संगणकावरचा मजकूर वाचून दाखवतो तो स्क्रीन रीडर. गंमत म्हणजे तो स्क्रीनकडे बघतच नाही. विंडोज आणि ब्राउझर आतल्या आत प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतात: हे बटण, हे शीर्षक, ही लिंक. स्क्रीन रीडर ती नोंद मागवतो आणि तिचा आवाज करतो. वेबसाइट बनवणाऱ्यानं बटणाला नावच दिलं नसेल, तर कानावर नुसतं ‘बटण’ पडतं. ते पैसे भरायचं की रद्द करायचं, ओळखा आता!

असं व्यावसायिक सॉफ्टवेअर हजार डॉलरच्या आसपास पडायचं, म्हणजे कित्येकदा संगणकापेक्षा महाग. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःचा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स टेह हा अंध मित्रही सोबतीला आला. तो एनव्हीडीए. फुकट, आणि कोड, म्हणजे प्रोग्राम ज्या सूचनांनी बनतो त्या, सर्वांना खुला.

कोड खुला केला की जगभरचे लोक मदतीला येतात, हे खरंच. पन्नासहून अधिक भाषांतली भाषांतरं बहुतांशी स्वयंसेवकांनीच केली. पण विंडोजचं अपडेट आलं आणि काल चालणारं आज मुकं झालं, तर रात्री जागून ते शोधणार कोण? हौसेला इथं मर्यादा आहे. म्हणून दोघांनी एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था काढली. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशननं सुरुवातीलाच अनुदान दिलं, पुढं मायक्रोसॉफ्ट, अडोबीसारख्यांचीही मदत झाली. वापरणाऱ्यांच्या देणग्या आणि प्रशिक्षण-पुस्तिकांची विक्री यांचाही हातभार असतोच. माझ्या मते संस्थेचं खरं काम हेच: कंटाळवाण्या दुरुस्तीसाठी पगारी माणूस ठेवणं. देणगीदारांना नवं काही हवं असतं, दुरुस्तीचं कौतुक कुणाला?

एनव्हीडीएसोबत ईस्पीक हा मजकूर बोलून दाखवणारा, खुल्या कोडचा प्रोग्रामही येतो. तो स्वर आणि बरीचशी व्यंजनं माणसाच्या ध्वनिमुद्रणावर नव्हे, गणिती सूत्रांवर घडवतो. त्यामुळे आवाज यंत्रासारखा, पण प्रोग्राम आकारानं अगदी छोटा, आणि वेग बराच वाढवला तरी शब्द कळतात. सरावलेले लोक तो इतका भरधाव लावतात, की शेजारच्याला ओ की ठो कळत नाही.

ईस्पीकला मराठीही येतं, मात्र मजकूर युनिकोडमध्ये हवा, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत. जुन्या फाँटमधलं पत्र डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर इमानेइतबारे तीच वाचतो.