डकटेल्स नक्की कोणतं? निळ्या कोटाचं की लाल कोटाचं

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भाची आली होती नाशिकला, तिला घेऊन अंजनेरीला गेलो. त्र्यंबक रोडला ते नाण्यांचं संशोधन केंद्र आहे ना, १९८० पासूनचं, त्यांचं छोटंसं म्युझियम आहे, काचेमागे सातवाहन, क्षत्रप, मुघल असली सगळी नाणी मांडलेली. पोरगी एका बारक्या काळपट नाण्यापाशी थांबली आणि मला म्हणते, मामा, यात पण ती चेटकीण अडकलीये का? मी म्हटलं अगं अडकत नाही ती, ती नाणं चोरायला येते. तर ती म्हणे नाही, अडकलेलीच असते. आणि मग आम्ही दोघं तिथं, समोर दोन हजार वर्षांपूर्वीची नाणी असताना, डिस्नेच्या डकटेल्स कार्टूनमधल्या त्या श्रीमंत बदकाच्या, स्क्रूजच्या, दहा सेंटच्या नाण्यावरून भांडत बसलो.

घरी येऊन बघितलं तर दोघंही बरोबर. मी १९८७ चं डकटेल्स बोलत होतो, ती २०१७ चं. नाव तेच, बदकं तीच, टायटल साँगची चालसुद्धा तीच, त्यामुळे लोक हमखास गोंधळतात. आमच्या फॅमिली ग्रुपवर पण कोणीतरी नव्याचा फोटो टाकून 'आपलं लहानपण' लिहिलं होतं आणि खाली चाळीस हार्ट. अरे ते आपलं लहानपण नाहीये, ते माझ्या भाचीचं आहे! म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

आधी लांबून ओळखायची खूण, कोट बघा. जुन्यात अंकल स्क्रूजचा कोट निळा, नव्यात लाल. आता कोणालाही वाटेल की नवीन पोरांनी उगाच रंग बदलला, पण गंमत अशी की लालच जास्त जुना आहे. स्क्रूज हे पात्र कार्ल बार्क्सने १९४७ साली कॉमिक्समध्ये आणलं, आणि बार्क्सच्या रंगीत चित्रांत बघाल तर कोट बहुतेक लालच. म्हणजे नव्यावाले टीव्हीच्या मागे, थेट कॉमिक्सपर्यंत गेलेत. दुसरी खूण टोप्या. जुन्यात स्क्रूजकडे राहणारी पोरं, ह्यूई ड्यूई लूई, तिघं एका साच्यातले, फक्त टोपी न् स्वेटरचा रंग वेगळा, लाल, निळा, हिरवा. नव्यात टोपी एकट्या ह्यूईला, ड्यूईच्या केसांचा कोंबडा वर आलेला आणि लूई कायम हिरव्या हूडीत, हात खिशात.

हे नुसतं कपड्यांचं नाहीये हां. जुन्यात तिघांचा इंग्रजी आवाज एकाच बाईने दिला होता, रसी टेलर, आणि वर वेबी नावाची जी छोटी मुलगी आहे तिचाही तिनेच. मग ती पोरं वेगळी वाटणार कशी, एकाने वाक्य सुरू करायचं, दुसऱ्याने पुढे न्यायचं, तिसऱ्याने संपवायचं. आम्ही हिंदीत बघायचो तरी आम्हाला कधी कळलं नाही कोण कोण आहे, आणि खरं सांगायचं तर गरजही पडली नाही. नव्यात तीन वेगळे नट आहेत, डॅनी पुडी, बेन श्वॉर्ट्झ आणि बॉबी मॉयनिहन (यातल्या पुडीचे वडील मूळचे आपल्या आंध्रचे, हे मला कळलं तेव्हा उगाच बरं वाटलं). ह्यूई पुस्तकी, हातात सतत स्काउटचं गाइडबुक. ड्यूईला सगळ्यांनी आपल्याकडेच बघायला हवंय. आणि लूई म्हणजे महाआळशी पण पैशाच्या बाबतीत डोकं असं चालतं की विचारू नका, प्रत्येक वर्गात एक असतो ना जो दुसऱ्याचा डबा खाऊन वर त्यालाच पाच रुपये उधार मागतो, तो.

वेबी सगळ्यात जास्त बदललीये. जुन्यात ती गुलाबी कपडे, हातात बाहुली, 'मला पण न्या ना' एवढंच. माझी बहीण तेव्हा फार वैतागायची तिच्यावर, म्हणायची ही काही करतच नाही. नव्यातली वेबी मारामारीत तरबेज, स्क्रूजच्या मॅकडक खानदानाचा इतिहास तिला तोंडपाठ, भिंतीवर फोटो आणि दोरे लावून तपास करणारी. तिची आजी मिसेस बीकली जुन्यात घर सांभाळायची, नव्यात रिटायर्ड गुप्तहेर. बहिणीला दाखवलं तर म्हणाली, चला, तीस वर्षांनी का होईना पोरीला काम दिलं.

आता जरा ते कसं बनलं त्याबद्दल, कारण खरा फरक तिथनं येतो असं माझं मत आहे. जुनं अमेरिकेत सोमवार ते शुक्रवार रोज लागायचं. पहिल्या सीझनचे ६५ एपिसोड, का तर आठवड्याचे पाच असे तेरा आठवडे. शंभर एपिसोड झाले सगळे मिळून, १९९० मध्ये संपलं. असं रोज लागणारं, लोकल चॅनलवाल्यांना विकायचं कार्टून म्हटलं की प्रत्येक भाग सुटा हवा, मागचा बघितलेला असो नसो. त्यामुळे स्क्रूज आज इजिप्तला, उद्या हिमालयात, परवा घरी, आणि कालचं कोणाला आठवत नाही. आपल्याकडे ते दूरदर्शनवर नव्वदच्या दशकात हिंदीत रविवारी यायचं, आठवड्यातनं एक. सिडकोतल्या आमच्या घरी नेमकी तेव्हाच लाइट जायची, आणि गेली तरी फार नुकसान नव्हतं कारण पुढच्या रविवारी नवीन खजिना, नवीन चोर. तो सुटेपणा आमच्या पथ्यावरच पडला म्हणायचा.

नवं बनवलं मॅट यंगबर्ग आणि फ्रान्सिस्को अँगोनेस या दोघांनी. ऑगस्ट २०१७ ते मार्च २०२१, तीन सीझन. ही मंडळी जुनं बघत वाढलेली, आणि ते पडद्यावर दिसतं. यात मागचं सगळं लक्षात ठेवलेलं असतं. पहिल्या भागात कोपऱ्यात दिसलेलं एखादं चित्र सीझनच्या शेवटाला येऊन डोक्यात पडतं. त्यामुळे मधलाच भाग लावला तर काही कळत नाही, भाचीला मी दोनदा तसं लावून दिलं आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. आणि त्यात यांनी त्या काळातली डिस्नेची बाकीची कार्टूनं पण ओढून आणलीत, टेलस्पिनमधला तो विमानातला लुटारू डॉन कार्नेज सुद्धा येतो. मी सोफ्यावरनं उठून उभा राहिलो त्याला बघून, भाचीला काही कळेना मामाला झालं काय.

तर मुद्द्याची गोष्ट. जुन्याच्या सुरुवातीला डोनाल्ड डक, म्हणजे स्क्रूजचा भाचा आणि या पोरांचा मामा, नेव्हीत जातो आणि जाताना तिन्ही भाच्यांना स्क्रूजकडे सोडतो. बस. आमची आजी समोर बसून मेथी निवडत असायची, डोळे टीव्हीकडे. एकदा म्हणाली, काय रे, या पोरांची आई कुठंय? आम्ही म्हटलं आजी, बदक आहेत ती. तर म्हणाली, बदक असली म्हणून काय झालं, आई नसते होय? आम्ही फिदीफिदी हसलो आणि विषय संपला. शंभर एपिसोड झाले पण जुन्यात हा प्रश्न धसास लागलाच नाही. मामाकडे राहायचे ते आजोबांकडे आले, आता खजिना शोधूया.

नव्याने नेमका आजीचा प्रश्न उचललाय. इथे डोनाल्ड पोरांना घेऊन एका हाउसबोटीवर राहतोय, स्क्रूजशी दहा वर्षं बोलणं बंद. नोकरीच्या इंटरव्ह्यूला जायचंय, पोरांना बघायला कोणी नाही म्हणून नाइलाजाने स्क्रूजच्या दारात आणतो. स्क्रूज काय करतो, त्यांना एका खोलीत कोंडतो आणि खेळायला गोट्या देतो. (आमच्याकडे पण एक काका होते असे, पण ते राहू दे.) पहिल्या भागाच्या शेवटी ड्यूईला एका जुन्या चित्रात डोनाल्ड आणि स्क्रूजसोबत तिसरं कोणीतरी दिसतं, आई.

पुढचं ज्यांना बघायचंय त्यांनी हा एक पॅरा सोडा. आई म्हणजे डेला, डोनाल्डची जुळी बहीण, पायलट. स्क्रूजने तिला सरप्राइज म्हणून गुपचूप रॉकेट बनवलं होतं, तिला कळलं, पोरं अंड्यातनं बाहेर यायच्या आधीच ती ते घेऊन गेली आणि वादळात हरवली. स्क्रूजने तिला शोधायला जवळजवळ सगळी संपत्ती घातली. म्हणजे जो माणूस जुन्यात पाच पैसे सुटताना रडायचा त्याच माणसाबद्दल हे कळतं, आणि तेही भांडणात, पोरं ओरडताहेत, तो ओरडतोय. दुसऱ्या सीझनमध्ये, २०१९ च्या मार्चमध्ये, एक अख्खा भाग एकट्या डेलावर आहे. ती चंद्रावर आहे. रॉकेट आपटल्यावर पाय गमावलाय, तो पाय तिने स्वतःच भंगारातनं बनवलाय, आणि ऑक्सिजन देणारं एक काळं च्युइंगगम चघळत ती रॉकेट दुरुस्त करत बसलीये. पोरांसाठी ती एक अंगाईसारखं गाणं म्हणते.

आणि इथे माझा आतेभाऊ मध्ये आला. तो नाशिकरोडचा, माझ्याहून मोठा, त्याच्याकडे तो टीव्हीला जोडायचा गेम होता, पिवळ्या कॅसेटवाला. डकटेल्सचा गेम १९८९ साली कॅपकॉमने काढलेला, त्यात स्क्रूज काठीवर उड्या मारत फिरतो. आम्ही बाकीचे पोरं चंद्राच्या लेव्हलला पोचलो की मारायचंच विसरायचो, नुसतं म्युझिक ऐकायला थांबायचो. डेलाचं गाणं लागलं तसा हा म्हणाला, थांब थांब, मागे घे. तीच चाल! व्हिडिओ गेमच्या चंद्रावरची चाल तीस वर्षांनी चंद्रावर अडकलेल्या आईच्या तोंडी घातलीये. भाची विचारत होती मामा तुम्ही दोघं असे का बसलात, आणि आम्हाला सांगता येईना.

नाण्याचं पण असंच केलंय यांनी. पहिलं दहा सेंटचं नाणं, बूटपॉलिशच्या पहिल्या कमाईचं, दोन्हीकडे आहे. जुन्यात मॅजिका नावाची चेटकीण ते चोरून वितळवायच्या मागे असते, त्यापासून जादूचा ताईत करायचाय तिला. नव्यात ती त्या नाण्याच्या आतच कोंडलेली आहे, आणि तिची सावली एक मुलगी बनून बाहेर फिरते, वेबीची मैत्रीण होते. सावली जिवंत होते हा मसाला जुन्याच एका एपिसोडमधला आहे, पण तिथे ती सावली मॅजिकावरच उलटते आणि सावल्यांच्या झुंडी येऊन घोळ घालतात, इथे त्या सावलीची एक अख्खी मुलगी झालीये. एक जुना तुकडा घ्यायचा आणि त्याला विचारायचं की तुझ्या मनात काय चाललंय, ही यांची पद्धत.

ग्लॉमगोल्डचं तर लय भारी. स्क्रूजचा हा दुश्मन मूळ कॉमिक्समध्ये दक्षिण आफ्रिकेचा. १९८७ साली तिथे वर्णभेद चालू होता, आणि कार्टूनमध्ये तो बनला स्कॉटिश, स्क्रूजसारखाच. नव्याने काय केलं तर दोन्ही खरं धरलं. हा माणूस मुळात दक्षिण आफ्रिकेचाच, पण स्क्रूजवरच्या खुन्नसने खोटा स्कॉटिश बनलाय. तीस वर्षांची विसंगती एका जोकमध्ये मिटवली.

आवाजाचं बोलायचं तर जुना स्क्रूज ॲलन यंग, २०१६ ला गेले. नवा डेव्हिड टेनंट, तो खराखुरा स्कॉटिश. टेनंटचा स्क्रूज चपळ, चिडका, आवडतो मला. पण यंगचा स्क्रूज म्हातारा वाटायचा, आणि म्हातारा उडी मारतो तेव्हा जास्त मजा येते.

आणि चित्रं, इथे मी जुन्याच्या बाजूने. पहिल्या सीझनचं बरंचसं काम जपानच्या टीएमएस स्टुडिओने केलंय, रंगवलेली जंगलं, देवळं, ढग बघत राहावं असे. नवं सगळं टोकदार, सपाट, कॉमिक्सच्या छपाईसारखं. वाईट नाही, पण डोळा ठरत नाही, आणि पात्रं दर चार सेकंदाला एक जोक मारतात, कधीकधी वाटतं जरा गप्प बसा रे, गुहा बघू द्या. जुन्याचा उत्तरार्ध मात्र, तो आदिमानव बदक बब्बा आल्यानंतरचा, मला तेव्हाही कंटाळवाणा वाटायचा, उगाच आठवणीत सोनं करण्यात अर्थ नाही.

पैशात पोहणं दोन्हीकडे आहे, काळजी नको. आमच्या शेजारचे काका नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, नोटा छापायच्या, त्यांना आम्ही सगळ्या पोरांनी विचारलेलं की काका तुम्ही पण पोहता का. ते म्हणायचे, बाहेर पडताना झडती होते रे बाबांनो, पोहतो कसला.

कोणतं आधी दाखवायचं असं विचाराल तर पाच-सहा वर्षांच्या पोराला जुनं, कुठूनही लावा, जेवण होईपर्यंत एक भाग संपतो. आठ-नऊच्या पुढे नवं, पण पहिल्यापासून आणि ओळीने.

भाचीने नवं सगळं संपवलं. शेवटच्या भागानंतर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मामा, आई तर मिळाली, पण त्यांचे बाबा कुठेत? ते मात्र नव्यातही कोणी सांगितलेलं नाही. आजी असती तर तिने आधी हेच विचारलं असतं बहुतेक.