नदीतलं खत: मिलिग्रॅममध्ये मोजायचं की टनांत?

जुलै-ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या बातम्यांत दोन आकडे हमखास असतात: धरणातून विसर्ग किती क्युसेक आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट. मे महिन्यात त्याच नदीची बातमी येते ती प्रदूषणाची, आणि तिथे आकडा मिलिग्रॅम प्रति लीटरचा असतो. पुराच्या बातमीत मिलिग्रॅम नाही, प्रदूषणाच्या बातमीत क्युसेक नाही. त्यामुळे शेतांतून नदीत एकूण किती नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) जातं, हे दोन्हींपैकी एकाही बातमीवरून कळत नाही.

मिलिग्रॅम प्रति लीटर ही झाली संहती: एका लीटर पाण्यात पदार्थ किती. भार, ज्याला अभियंते सरळ 'लोड' म्हणतात, म्हणजे ठरावीक काळात नदीच्या त्या जागेवरून तो पदार्थ एकूण किती वाहून गेला. संहतीला विसर्गाने गुणलं की भार मिळतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लीटर, दिवसाला साधारण साडेचोवीस लाख लीटर. म्हणून मिलिग्रॅम गुणिले क्युसेक गुणिले 2.45 केलं की दिवसाचे किलो हातात येतात. हा 2.45 लक्षात ठेवला की झालं.

आता नदी काल्पनिक घेऊ, गणित खरं. उन्हाळ्यात पात्रात 200 क्युसेक पाणी आहे आणि नायट्रेटमधलं नत्र लीटरला 8 मिलिग्रॅम. भार आला दिवसाला सुमारे 3,900 किलो. ऑगस्टमध्ये तीच नदी 50,000 क्युसेकने वाहते आहे, संहती उतरून 2 वर आली आहे. तक्त्यात नदी 'सुधारली'. भार मात्र दिवसाला 245 टन. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे 20.7 किलो नत्र असतं. त्या हिशेबाने उन्हाळ्यात रोज 190 गोण्यांइतकं आणि पुरात रोज जवळपास 12,000 गोण्यांइतकं नत्र वाहून चाललं आहे. हे सगळं युरियातूनच आलेलं असतं असं नाही. शेणखत, सांडपाणी, जमिनीतलं सेंद्रिय द्रव्य, सगळ्यांचा वाटा असतो. पण आवाका कळायला गोणी बरी.

मग खरा आकडा कोणता? पाणी कोण, कुठे आणि कधी वापरतो यावर ते ठरतं.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डे मॉइन शहर रॅकून आणि डे मॉइन या दोन नद्यांचं पाणी पितं. वरचा सगळा मुलूख मका-सोयाबीनचा, आणि शेतांखाली निचऱ्याचे पाइप घातलेले. पाणीपुरवठा करणाऱ्यांना आज नळाला सोडायच्या पाण्यात नायट्रेट किती, एवढ्याशीच मतलब. तिथली पिण्याच्या पाण्याची मर्यादा लीटरला 10 मिलिग्रॅम नत्र. ती ओलांडायची वेळ आली की नायट्रेट काढणारी महागडी यंत्रणा सुरू करावी लागते. वर्षभरात नदीतून किती टन नत्र गेलं, याचा त्यांना त्या सकाळी काही उपयोग नाही.

ओहायोतल्या मॉमी नदीचं उलट. ती टोलेडो शहराजवळ ईरी सरोवराच्या उथळ पश्चिम टोकाला मिळते. ऑगस्ट 2014 मध्ये सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष टोलेडोच्या पाण्यात उतरलं आणि चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको, असं सांगावं लागलं. उकळल्याने हे विष जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. त्या उन्हाळ्यात शेवाळ किती माजणार, हे मॉमी मार्च ते जुलैमध्ये एकूण किती स्फुरद आणून टाकते यावर बरंचसं ठरतं. सरोवर ते साठवून घेतं. म्हणून अमेरिका आणि कॅनडाने 2016 मध्ये लक्ष्य ठरवलं ते भाराचं: 2008 च्या तुलनेत 40 टक्के कपात. मॉमीपुरतं सांगायचं तर मार्च-जुलैमध्ये एकूण स्फुरद 860 टन आणि त्यातलं विरघळलेलं, म्हणजे शेवाळाला आयतं मिळणारं, 186 टन. याहून जास्त नको.

भार मोजणं मात्र खर्चिक काम. संहतीला बाटली आणि प्रयोगशाळा पुरते. भाराला विसर्गाची अखंड नोंद लागते, आणि नमुने नेमके पुराच्या दिवशी घ्यावे लागतात. वर्षाच्या भाराचा मोठा हिस्सा मोजक्या पुरांत निघून जातो. महिन्यातून एकदा, बहुधा कोरड्या दिवशी भरलेल्या बाटलीत तो सापडणं कठीण. ओहायोतल्याच हायडेलबर्ग विद्यापीठाची केंद्रं मॉमीवर स्वयंचलित यंत्राने दिवसाला तीन नमुने घेतात. एरवी त्यांतला एक तपासतात, पुरात तिन्ही. आपल्याकडे नदीचे नमुने सहसा महिन्याला एकदा. नियम पाळला गेला की नाही हे सांगायला तेवढं पुरेल, पण त्याच आकड्यांची सरासरी काढून तिला वर्षभराच्या पाण्याने गुणणं आणि त्याला भार म्हणणं ही शुद्ध फसगत आहे.

संहती आणि विसर्ग या दोन आकड्यांची सांगड घातली की आणखी एक गोष्ट उलगडते, आणि मला ती सगळ्यात कामाची वाटते. पाऊस आला की प्रदूषण पातळ होतं, असं आपण धरून चालतो. सांडपाण्याबाबत ते खरं: गटाराचं पाणी रोज साधारण तेवढंच, नदी फुगली की संहती घसरते. शेतातल्या नायट्रेटचं तसं नसतं. ते मुरलेल्या पाण्याबरोबर जमिनीतून सुटून येतं. 2012 च्या दुष्काळात आयोवातल्या मक्याने खत नीट उचललंच नाही. 2013 च्या वसंतातल्या पावसाने ते धुऊन काढलं आणि रॅकून नदीत नत्र लीटरला 24 मिलिग्रॅमपर्यंत गेलं. पाणी वाढलं, संहतीही वाढली. विसर्ग वाढताना संहती कुठे वळते ते पाहिलं की बोट शहराकडे दाखवायचं की शिवाराकडे, याचा चांगला अंदाज येतो.

भाराचीही एक खोड आहे: तो पावसाच्या तालावर नाचतो. 2012 च्याच दुष्काळात मॉमीचा भार कोसळला आणि सरोवरातलं शेवाळही कमी राहिलं. शेतकऱ्यांनी खत कमी टाकलं म्हणून नव्हे, वाहून न्यायला पाणीच नव्हतं म्हणून. श्रेय कुणाला द्यायचं? यावर तोड म्हणून एकूण भाराला त्या काळातल्या एकूण पाण्याने भागतात. निघते ती साधी सरासरी नव्हे. तीत पुराच्या दिवसाचं वजन पुराइतकंच धरलेलं असतं. मॉमीसाठी हा आकडा एकूण स्फुरदाला लीटरमागे 0.23 मिलिग्रॅम आणि विरघळलेल्याला 0.05 ठरवला आहे. ओलं वर्ष असो की कोरडं, शेतात काही बदललं का, हे त्याच्यावरून बरंच नीट दिसतं. 2019 चा वसंत तिथे इतका ओला गेला की असंख्य शेतं पेरलीच गेली नाहीत, खतही पडलं नाही. पाणी धो-धो वाहिलं, तरी विरघळलेलं स्फुरद त्या पाण्याच्या मानाने अपेक्षेपेक्षा कमी निघालं.

हे गणित स्वतः करून पाहायचं असेल तर अहवालातलं एकक आधी तपासा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची मर्यादा 45 मिलिग्रॅम, अमेरिकेत 10; मर्यादा जवळपास एकच आहे. आपण अख्खं नायट्रेट मोजतो, ते त्यातलं फक्त नत्र. नायट्रेटच्या आकड्याला 4.43 ने भागलं की नत्र मिळतं. हे भागायचं राहिलं तर वरच्या हिशेबातल्या 12,000 गोण्यांच्या 53,000 होतील.