कॅनॉपी लॅच, हौशी बांधणीच्या कसरती विमानांतील

वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक झाकण (कॅनॉपी) बंद ठेवणारी आकडे, पिना, दांडे व मूठ यांची जोडणी. किटपासून बांधलेल्या विमानात ती किती अचूक बसते, हे बरेचसे बांधणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते.

कॅनॉपी आतल्या वाऱ्याने उडते, असा समज आहे. मुख्यतः ती वरून ओढली जाते. फुगीर पृष्ठावर हवेचा दाब घटतो. समुद्रसपाटीला १५० नॉट वेगाने गतिज दाब (हवेच्या वेगामुळे येणारा दाब) सुमारे ३,६५० पास्कल असतो. त्याच्या निम्मे शोषण ०.७ चौ. मी. क्षेत्रावर धरले, तरी लॅच व बिजागरांवर सुमारे १३० किग्रॅ. भार येतो. उणे ३ जी कसरतीत (गुरुत्वाच्या तिप्पट ओढ, पण कॅनॉपीच्या दिशेने) १० किग्रॅ. वजनाची कॅनॉपी आणखी ३० किग्रॅ. ओढ देते. आवळून न बांधलेल्या वैमानिकाचे डोके वर आदळले, तर तो धक्का वेगळाच.

व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-४ या किट विमानाची कॅनॉपी उजव्या बाजूच्या बिजागरावर उघडते. अशी कॅनॉपी उड्डाणात सुटली, तर पूर्ण उलटून बिजागरासकट उखडू शकते. आरव्ही-६ व आरव्ही-७ ला पुढच्या बिजागराची किंवा मागे सरकणारी, असे दोन पर्याय आहेत. पुढे बिजागर असलेली सहसा थोडीच उचलली जाऊन तरंगत राहते. मात्र विमानाचे नाक खाली जाऊ शकते.

लॅच तुटण्यापेक्षा ते मुळात नीट न लागणे हे नेहमीचे कारण. उन्हात कॅनॉपी किलकिली ठेवून टॅक्सी करतात (विमान जमिनीवर चालवतात) आणि धावपट्टीवर लॅच विसरतात. दुसरे कारण कपटी आहे: मूठ पूर्ण बंद दिसते, पुढचा आकडा बसलेला असतो, पण मागचा पिनेच्या कडेवरच टेकलेला असतो. लांब दांडा वाकतो, सांध्यांत ढिलाई येते. शिवाय ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते, १ मी. लांबीत ४० अंश से. फरकाला जवळजवळ २ मिमी. तफावत पडते. दुपारी हँगरबाहेर चोख बसवलेले लॅच थंडीत उंचावर तसेच राहील, असे गृहीत धरू नये.

म्हणून मुठीकडे पाहून समाधान मानू नये. प्रत्येक आकड्याजवळ तळव्याने कॅनॉपी वर ढकलून पाहावी. मूठ मृतबिंदू (ज्यापुढे कॅनॉपीची ओढ मुठीला उघडण्याऐवजी बंदच ठेवते) ओलांडून थांबली पाहिजे; बाही, पट्टा किंवा पॅराशूटचा बंद तिच्यात अडकता कामा नये. इशाऱ्याचा मायक्रोस्विच मुठीवर बसवणे जवळपास निरुपयोगी. तो सर्वांत लांबच्या आकड्यावर हवा.

मुख्य लॅच सुटल्यास कॅनॉपी २–३ सेंमी.वर अडवणारी दुय्यम कडी उपयुक्त असते. तीही हातमोज्यासह, उलट्या स्थितीत, एका हाताने सुटायला हवी. नाहीतर पॅराशूट घेऊन बाहेर पडण्याची वाट तीच रोखेल.

उड्डाणात कॅनॉपी उघडल्यास आधी विमान सांभाळावे, कसरत थांबवून पंख समतल करावेत व वेग हळूहळू कमी करावा. विस्कळीत हवेने शेपटीचा प्रभाव घटू शकतो, म्हणून अप्रोचला (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना) नेहमीपेक्षा थोडा जास्त वेग ठेवावा. कॅनॉपी ओढून लावण्याच्या खटपटीत स्टिकवरचे (नियंत्रण दांड्यावरचे) लक्ष उडते. ती जमिनीवर उतरल्यावरच लावावी.