स्मृतिभ्रंशातील दैनंदिन कार्यक्षमता : मोजमापाची पार्श्वभूमी

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, केवळ विसराळूपणावरून ठरत नाही. विसरण्यामुळे माणसाचे रोजचे व्यवहार अडू लागले आहेत का, हे तपासावेच लागते. ते तपासण्याची साधने मात्र टप्प्याटप्प्याने घडत गेली.

अमेरिकेत क्लीव्हलँड येथे सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी खुब्याचे हाड मोडलेल्या व इतर आजारी वृद्धांचे निरीक्षण करून १९६३ मध्ये अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण या सहा क्रियांची श्रेणी मांडली. १९६८ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी नातेवाइकांना विचारून रुग्णाच्या रोजच्या वागण्याला गुण दिले आणि मृत्यूनंतर मेंदूत आढळलेल्या प्लाकच्या, म्हणजे साचलेल्या प्रथिनांच्या गाठींच्या, संख्येशी त्या गुणांचा संबंध दाखवला. घरच्यांच्या सांगण्याला शास्त्रीय पुराव्याचे मोल मिळाले, ते येथे.

पुढच्याच वर्षी लॉटन आणि ब्रॉडी यांनी टेलिफोन, खरेदी, स्वयंपाक, औषधे, पैशांचे व्यवहार अशा आठ अधिक गुंतागुंतीच्या कामांची यादी दिली. स्मृतिभ्रंशात ही कामे आधी ढासळतात, म्हणून ती यादी मोलाची ठरली. पण स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणे ही कामे पुरुषांसाठी मूळ गुणांकनातून वगळली होती. ही त्रुटी किरकोळ नाही. ज्याने आयुष्यात चूल पेटवली नाही, त्याला स्वयंपाक जमत नाही यावरून आजाराबद्दल काहीच कळत नाही.

हीच अडचण हरियाणातील बल्लभगढ परिसरात अधिक ठळक झाली. तेथील बहुसंख्य वृद्ध निरक्षर होते, आणि एकत्र कुटुंबात म्हाताऱ्या माणसाकडून कामाची अपेक्षाही कमी असल्याने बिघाड झाकला जाई. म्हणून भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत वेगळेच प्रश्न घातले : आपण नुकतेच जेवलो हे ती व्यक्ती विसरते का, गावातच वाट चुकते का, दिलेला निरोप पोचवते का, होळी-दिवाळी तिच्या लक्षात राहते का, घरातल्या लग्नकार्याबाबत आपले मत मांडते का. हे प्रश्न रुग्णाला नव्हे, तर त्याला जवळून पाहणाऱ्या घरच्या माणसाला विचारायचे होते.