सॅनिटरी पॅडला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही

अमेरिकेत एचएसए-एफएसए खात्यांतल्या, म्हणजे आरोग्याच्या खर्चासाठी कर न कापता बाजूला ठेवलेल्या पैशांतून टायलेनॉल ही ताप-अंगदुखीची गोळी घ्यायची तर चिठ्ठी हवी आणि पॅड त्यात बसतच नाहीत, असं अजूनही सांगितलं जातं. २०११ ते २०१९ ते खरंच होतं. मार्च २०२०च्या केअर्स कायद्याने १ जानेवारी २०२० पासूनच्या खर्चाला ती अट काढली. पॅड, टॅम्पॉन, लायनर, कपही आत आले. टूथपेस्ट, शॅम्पू मात्र बाहेरच.

दुकानात या खात्याचं कार्ड चाललं नाही म्हणून वस्तू बाद होत नाही; बऱ्याचदा तिथलं बिलिंग मशीनच ती ओळखत नाही. खिशातून पैसे भरा, मग क्लेम टाका. पावतीवर वस्तूचं नाव, तारीख, रक्कम हवी. बँक स्टेटमेंटवर नुसतं दुकानाचं नाव असतं, म्हणून ते नाकारलं जातं. थर्मल कागदावरची अक्षरं उडतात, तेव्हा फोटो त्याच दिवशी काढलेला बरा.