भिक्षुक प्रीस्ट, भिक्षू मंक

नववीच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत ‘मी पाहिलेलं लग्न’ हा निबंध आला की माझी लाल शाई एकाच ठिकाणी संपते. मांडवात भन्तेजी, म्हणजे बौद्ध भिक्षू, येतात आणि पोट्टे बिनधास्त लिहितात, ‘बुद्धिस्ट प्रीस्ट’. गोल केला की मधल्या सुट्टीत एखादा भांडायला येतोच. “सर, भन्तेजी त लग्न लावतेत नं? मंग थे प्रीस्ट नाई त काय?” पोट्ट्यांचं एक वेळ ठीक आहे, पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या फोटोखाली इंग्रजी पेपरातसुद्धा मी हाच शब्द वाचला आहे. रिद्धपूरच्या संन्यस्त महानुभाव महंतांनाही असंच सरसकट प्रीस्ट करून टाकतात.

प्रीस्ट कोण, हे आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. मारुतीच्या देवळात दिवाबत्ती पाहणारा गुरव, सत्यनारायणाची पोथी सांगणारा भटजी, मेळघाटात कोरकूंच्या गावदेवाची पूजा करणारा भुमका. आपल्याला हे तिघं तीन दिसतात, इंग्रजीच्या लेखी तिघंही प्रीस्ट. चालतं. फार तर गुरवाला टेम्पल प्रीस्ट म्हणा आणि घरच्या भटजीला फॅमिली प्रीस्ट.

घोळ होतो तो मंकपाशी, आणि त्याची किल्ली मराठीतच पडलेली आहे. भिक्षुक आणि भिक्षू. दोन्ही शब्द भिक्षेतून आले, पण वाटा केव्हाच वेगळ्या झाल्या. भिक्षुकी करणाऱ्याला बायकोपोरं असतात, चार एकर कपाशी असते, दाराशी मोटरसायकल असते. दक्षिणा घेऊन तो लोकांसाठी विधी करतो. भिक्षूनं घरच सोडलेलं असतं. भिक्षुक तो प्रीस्ट, भिक्षू तो मंक. एवढं पाठ केलं तरी पन्नास टक्के काम झालं.

उरलेलं मी एका मांडवात शिकलो. शेजारच्या गावात लग्न होतं, वेळ सकाळी अकराची. वरात डीजेपुढून हलेना. भन्तेजी मंचावर शांत बसलेले, आणि नवरीचा काका दर पाच मिनिटांनी मोबाइलवर वेळ पाहतोय. साडेअकरा झाले तसा तो आचाऱ्याकडे धावला. भिक्षूला दुपारी बारानंतर जेवता येत नाही. शेवटी लग्न लागायच्या आधीच आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, वरण-भात आणि बुंदी असं ताट वाढून झालं. भन्तेजी जेवले, हात धुतले, परत जागेवर येऊन बसले. वरात आली साडेबाराला. मग त्रिशरण-पंचशील झालं, लग्न लागलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या मांडवात भटजी होते. मुहूर्त टळून तीन वाजले, तर ते साडेतीनला निवांत जेवले, तांदूळ-सुपाऱ्यांची पिशवी बांधली आणि पुढच्या गावाला निघाले.

बाराचा तो नियम लग्नाचा नव्हता, भन्तेजींचा होता. लग्न नसतं, विहारात एकटे असते, तरी तो त्यांनी पाळलाच असता. लग्न लावणं हे त्यांचं येताजाता केलेलं काम. उद्यापासून एकही लग्न लावलं नाही तरी ते मंकच. भटजीनं मात्र पोथी गुंडाळून एसटीत कंडक्टरकी धरली, तर त्याला प्रीस्ट कोण म्हणणार? शब्दांची मुळंही हेच सांगतात. दोन्ही ग्रीकमधून आलेत. मंकच्या मुळाशी ‘एकटा’ आहे आणि प्रीस्टच्या मुळाशी ‘वडीलधारा’. वडीलधारा व्हायला भोवती गाव लागतं.

प्रीस्टहूड हा शब्द कसा वापरायचा, ते मी बाबासाहेबांकडून घेतलं. १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेलं आणि तिथं होऊ न शकलेलं त्यांचं ते भाषण आठवा. हिंदूंमधलं प्रीस्टहूड बंदच व्हावं, ते जमत नसेल तर निदान वंशपरंपरेनं चालू नये, सरकारनं परीक्षा घेऊन सनद द्यावी, असं ते त्यात मांडतात. परीक्षा आणि सनद कामाला असते. घर सोडण्याची सनद कोणतं सरकार देणार?

एकच माणूस दोन्ही असू शकतो, हे मात्र विसरू नका. मार्टिन लूथर १५०५ साली मठात गेला, १५०७ साली प्रीस्ट झाला. पुढे १५२५ साली त्यानं लग्न केलं, पण तोवर त्याचं रोमशी फाटलेलं होतं. कॅथलिकांत मठात राहूनही प्रीस्ट नसलेले कितीतरी असतात, त्यांना ब्रदर म्हणतात.

बाकीचं भराभर. फादर ही हाक आहे, हुद्दा नव्हे. फादर दिब्रिटो कॅथलिक प्रीस्ट होते, म्हणून अविवाहित. रेव्हरंड टिळक प्रॉटेस्टंट, म्हणून लक्ष्मीबाईंसोबत संसार. त्यांना फादर म्हणू नका. नन ही मंकची जोडीदारीण, प्रीस्टची नाही. नन सिस्टर असते, पण सरकारी दवाखान्यातली सिस्टर नर्स असते, हे मी वर्गात दरसाल सांगतो आणि दरसाल हशा होतो. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९९४ पासून बायकाही प्रीस्ट होतात. त्यांना प्रीस्टेस म्हणत नाहीत, प्रीस्टच म्हणतात. आणि ‘क्लर्जी’ हा शब्द मुळातच सगळ्यांना मिळून आहे. त्याला एस लावून ‘क्लर्जीज’ लिहिणाऱ्याचा अर्धा मार्क मी कापतो, दयामाया नाही.

यंदा त्या भांडायला आलेल्या पोट्ट्याला हे सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, “सर, माहा मामा बौद्धाचार्य हाय. शिपाई हाय, मामी हाय, दोन पोट्टे हायेत. लग्न थोच लावते. मंग थो कोन?” माझ्या हिशेबानं मामा सरळ प्रीस्ट ठरत होता. पण ज्या पौरोहित्याशी बाबासाहेब आयुष्यभर भांडले, त्याचा शिक्का मामाच्या कपाळी मारायला माझा हात धजेना. म्हटलं, बौद्धाचार्य असंच लिही, पुढे ‘ज्यांनी लग्न लावलं ते’ एवढं इंग्रजीत जोड. मार्क पूर्ण देतो.